चित्ररथासाठी गुराबेवरची तोफ कशी करायची

गलबताच्या देखाव्यावर बैलगाडीसारख्या दोन मोठ्या चाकांची तोफ ठेवू नका. बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका. आमच्या बेळगावात वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, त्यात कुणी ना कुणी आरमाराचा देखावा करतंच. शिडं झकास, भगवा झकास, मिशा झकास, आणि मधोमध तोफ मात्र मैदानातली. तसली तोफ डेकवर एकदा उडाली तर मागच्या मागे सुटून पलीकडच्या कठड्यातून थेट समुद्रात जाईल की!

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न करतो. फौंड्रीत जी वस्तू ओतायची तिचा लाकडी नमुना आधी करून द्यायचा, हा माझा धंदा. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, मशीनचा बेड, हेच रोजचं. तोफ म्हणजे शेवटी एक ओतकामच. त्यामुळे गडावर गेलो की लोक तोफेवर बसून फोटो काढतात आणि मी तिच्या तोंडात हात घालून माप घेत बसतो. खाली जे सांगतोय ते पूर्ण मापाची, आतून पोकळ, लाकडी तोफ करायचं. उडणारी तोफ करायचं नव्हे. ज्यांना ती करायची आहे त्यांनी इथंच थांबावं.

आधी साल ठरवा

"शिवकाळातली तोफ पाहिजे काका," असं म्हणून चालत नाही. देखावा कुठला? खांदेरीचा असेल तर साल १६७९. मायनाक भंडारी आणि दौलतखानाच्या लहान होड्यांनी इंग्रजांना दमवलं, त्यांचं डोव्हर हे गुराब जातीचं जहाज धरलं. तिथं लहान तोफा शोभतात. कान्होजी आंग्र्यांचा देखावा असेल तर कुलाब्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले ते १७२१ साल घ्या. तुळाजी आंग्र्यांचा शेवट दाखवायचा तर विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६.

आंग्र्यांच्या काळातली गुराब घ्या, असा माझा सल्ला. कारण तिच्यावरच्या तोफांची वर्णनं नीट मिळतात आणि ती चित्ररथाला फार सोयीची आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. तिचं नाक पुढे लांब निमुळतं आणि बुटकं असायचं. त्या नाकावरून थेट समोर मारा करतील अशा दोन तोफा पुढच्या भागात शेजारीशेजारी ठेवलेल्या असत, नऊ किंवा बारा पौंडी, म्हणजे तेवढ्या पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. गलबतं त्याहून लहान आणि वल्ह्यांवर चालणारी, त्यांच्यावर दोन ते चार पौंडी तोफा, नाहीतर जंबुरे, म्हणजे खुंटावर फिरणाऱ्या लहान तोफा. आंग्र्यांची लढायची रीत अशी, की शत्रूच्या मागच्या बाजूने यायचं, त्याची शिडं-दोर तोडून जहाज पांगळं करायचं, मग गलबतांनी गराडा घालून माणसं चढवायची. नाकावरच्या दोन तोफा होत्या त्या यासाठी. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला दोन तोफा समोर तोंड करून ठेवल्या तर रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावरच येतात. आणि ते खोटंही ठरत नाही.

तोफा आल्या कुठून, हे कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून थोडं. आपल्याकडे ओतकाम नव्हतं असं मुळीच नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतली, तोंडाचं भोक सत्तर सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन ५५ टन सांगतात. पण ती काशाची आणि बुरुजावरची. काशाची तोफ म्हणजे तांबं आणि कथील, म्हणजे राजाचा खजिना. एका जहाजाला अशा पाचपंचवीस तोफा पाहिजेत म्हटल्यावर कुणालाही परवडत नाही. इंग्रजांनी १५४३ मध्ये ससेक्समधल्या बक्स्टेडला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, अखंड तोफ ओतून दाखवली आणि पुढे बिडाच्या तोफा स्वस्त होत गेल्या. बिडाचा दोष एकच. काशाची तोफ फाटायच्या आधी फुगते, सांगून जाते. बीड न सांगता फुटतं, आणि फुटलं की जवळची माणसं जातात. म्हणून बिडाच्या तोफेची भिंत जाड ठेवतात. मराठ्यांच्या आरमारातल्या कितीतरी तोफा पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच यांच्याकडून विकत घेतलेल्या नाहीतर लढून मिळवलेल्या. तेव्हा आपली तोफ बिडाची आणि युरोपी घाटाची दाखवली तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

भोक ठरलं की तोफ ठरली

आता मुद्द्याचं. तोफेचं प्रत्येक माप तिच्या भोकावरून निघतं. भिंत किती जाड, खुंट किती मोठे, गाड्याची फळी किती रुंद, सगळं भोकाच्या पटीत. म्हणून सुरुवात लांबीपासून करायची नाही, भोकापासून करायची.

नऊ पौंडी तोफ घ्या म्हणतो त्याला कारण आहे. बिडाचा नऊ पौंडी गोळा बरोबर चार इंच व्यासाचा येतो. गोळा आणि भोक यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, नाहीतर गंजलेला किंवा काजळी धरलेला गोळा मध्येच अडकतो. ही फट धरून नऊ पौंडीचं भोक ४.२ इंच, म्हणजे १०७ मिलिमीटरच्या आसपास. आणि बाजारात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, ज्याला आपण प्लंबरकडे 'चार इंची' म्हणून मागतो, त्याचं आतलं माप जवळजवळ तेवढंच. प्लंबिंगच्या दुकानात नऊ पौंडी तोफेचं भोक तयारच मिळतं म्हणा. खांदेरीच्या होडीसाठी चार पौंडी तोफ करायची असेल तर ९० मिलिमीटरचा पाइप घ्या. चार पौंडीचं भोक ३.२ इंच, जवळपास जमतं. मग खालची सगळी मापं त्याच प्रमाणात उतरवा.

गडावर कुठली तोफ बघितली आणि ती किती पौंडी हे काढायचं असेल तर भोक तोंडापासून दोनतीन इंच आत मोजा, कारण कडेला गंजून मोठं झालेलं असतं. त्यातून पाच टक्के वजा केले की गोळ्याचा व्यास आला. तो इंचात धरून त्याचा घन करा, ९ ने गुणा, ६४ ने भागा. पौंड आले. तोंड दगडमातीने बुजलेलं असेल तर बाजूला जे दोन गोल खुंट निघालेले असतात त्यांचा व्यास घ्या. तो भोकाएवढाच असायचा, थोडंफार इकडंतिकडं.

फर्मे आणि पट्ट्या

लांबी सात फूट धरू, म्हणजे ८४ इंच. ही लांबी तोंडापासून मागच्या मोठ्या कड्यापर्यंतची. त्याच्या मागे जे बोंड असतं ते लांबीत धरत नाहीत. अठराव्या शतकातल्या इंग्रजी तोफांत एक गणित रूढ होतं, तेच वापरू, कारण त्यात आकडे सुरेख पडतात. लांबीचे सात भाग करा, एक भाग १२ इंचांचा. मागचे दोन भाग, म्हणजे २४ इंच, हा पहिला आणि सर्वांत जाड टप्पा. दुसरा टप्पा एक भाग अधिक एक भोक, म्हणजे १६ इंच. उरलेले ४४ इंच पुढची निमुळती नळी. बाजूच्या खुंटांचा मध्य मागून तीन भागांवर, म्हणजे बरोबर ३६ इंचांवर.

बाहेरचे व्यास मी असे घेतो. मागचं कडं १५ इंच, त्याच्या पुढे लगेच १४, पहिला टप्पा संपताना पावणेतेरा. दुसरा टप्पा साडेबाराला सुरू होऊन पावणेबाराला संपतो. नळी सव्वाअकरापासून सुरू होते आणि तोंडाच्या आधी मानेपाशी पावणेनऊवर येते. मग ओठ फुगून ११ इंच होतो आणि तोंडाशी दहावर उतरतो. प्रत्येक टप्प्याला पायरी का, तर स्फोटाचा जोर मागे सर्वांत जास्त आणि गोळा पुढे सरकेल तसा कमी होत जातो. मागे धातू जास्त, पुढे कमी. तोंडापाशी मात्र कड मोकळी असते, तिथून चिरू नये म्हणून ओठ जाड.

हे सगळं कागदावर छोटं काढू नका. प्लायवूडच्या आख्ख्या शीटवर पूर्ण मापात काढा. पॅटर्नवाला असंच करतो. मापं डोळ्यांना दिसतात आणि कुणी कॅल्क्युलेटर हरवला तरी काम थांबत नाही. आम्ही बिडाच्या पॅटर्नला फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढवतो, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं. तुम्हाला ओतायचं नाही, तेव्हा साधी फुटपट्टी चालेल.

आता १९ मिलिमीटर प्लायचे गोल फर्मे, म्हणजे आकार देणाऱ्या चकत्या, कापा, दर नऊदहा इंचांना एक. प्रत्येकाच्या मध्यात पाइपाच्या बाहेरच्या मापाचं भोक. वरून पाऊण इंची पट्टी लावणार, म्हणून फर्म्याचा व्यास बाहेरच्या मापापेक्षा दीड इंच कमी. टप्पा बदलतो तिथं दोन फर्मे पाठीला पाठ लावून घ्या, एक मागच्या टप्प्याच्या मापाचा, एक पुढच्या. सगळे फर्मे पाइपावर ओवून, ओळीत धरून, पाइपाला चिकटवून टाका. पाइप वाकडा असेल तर तोफ वाकडी येणार. दुकानातून घेताना एका टोकाने डोळा लावून बघून घ्या.

जुन्या ओतकाऱ्यांनाही हीच डोकेदुखी होती. तेव्हा तोफेचा साचा मातीत करायचे. लाकडी दांड्यावर दोर गुंडाळून, वर चिकणमाती, घोड्याची लीद आणि केस मळून, थरावर थर देऊन वाळवायचे. भोकासाठी मध्यात लोखंडी गजावर मातीचा कोअर, म्हणजे गाभा, उभा करायचे आणि तो हलू नये म्हणून चॅपलेट, म्हणजे लोखंडी टेकू, लावायचे. आजही आमच्या फौंड्रीत चॅपलेटच लावतात. पण सातआठ फुटांचा कोअर वितळलेल्या बिडात जरासा सरकला की भोक एका बाजूला गेलं, एक भिंत जाड आणि एक पातळ. अशी तोफ फुटायला टेकलेलीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मारित्झ नावाच्या स्विस ओतकाऱ्याने तोफ भरीव ओतून नंतर भोक पाडायची युक्ती काढली. पुढे इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफेला भोक पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि भोक पाडायच्या त्याच कसबातून वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर नीट गोल मिळायला लागले. उद्यमबागेतल्या प्रत्येक बोरिंग मशीनचा एक पूर्वज तोफेच्या कारखान्यात आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं, पोरांना काही वाटत नाही.

साचा खड्ड्यात उभा गाडायचे, तोफेची पाठ खाली आणि तोंड वर. तोंडाच्याही वर फूट-दोन फूट जास्तीचं बीड ओतायचे आणि नंतर कापून टाकायचे. हा त्यांचा रायझर. मळी, वायू, पोकळ्या सगळं वर चढून त्या फेकायच्या तुकड्यात जातं, आणि सगळ्यांत घट्ट, निर्दोष धातू तळाशी, म्हणजे जिथं दारू पेटते तिथं मिळतो.

पट्ट्यांसाठी नवं सागवान आणू नका. मशीनच्या पॅकिंग पेट्यांचं पाइन लाकूड उद्यमबागेत, मच्छेत भंगारवाल्याकडे मिळतं, हलकं असतं आणि रंध्याला मऊ लागतं. गोलाईला सोळा पट्ट्या. पाठीमागे प्रत्येकीची रुंदी पावणेतीन इंच, मानेपाशी पावणेदोन. म्हणजे पट्टी निमुळती कापायची आणि दोन्ही कडांना थोडा उतार द्यायचा. तिन्ही टप्प्यांच्या पट्ट्या वेगळ्या कापा, सांधा जोड-फर्म्यावर येऊ द्या. फेविकॉल आणि बारीक खिळे, रात्रभर दोराने आवळून ठेवा. दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन कोपरे मोडत जा. सोळाचे बत्तीस कोपरे झाले की पुढचं काम पॉलिश पेपरचं.

पुठ्ठा आणि कागदाचा लगदा वापरू नका, हे मुद्दाम सांगतो. वैशाखात आपल्याकडे वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. मिरवणूक रात्रभर चालते. लगद्याची तोफ पहाटेपर्यंत मान टाकते.

कडी, बोंड, खुंट

पायऱ्यांच्या सांध्यांवर आणि ओठामागे कडी येतात. सहा मिलिमीटर प्लायचे रिंग कापून बसवा, कडा कानसने गोल करा. मागचं बोंड लेथवर उतरवून घ्या. आधी बशीसारखा फुगवटा, मग बारीक मान, मग साडेचार इंची गोळा. लेथ नसेल तर ओळखीच्या पॅटर्नवाल्याकडे जा, चहावर काम होतं. बोंडाला शोभेची वस्तू समजू नका. जहाज हलताना तोफ आवरणारा जाडजूड दोर तिथंच अडकवतात. इंग्रजांनी १७८० नंतरच्या तोफांना बोंडावर वेगळी कडी ओतायला सुरुवात केली, दोर त्यातून ओवायचा. आपला देखावा १७२१ किंवा १७५६ चा असेल तर ती कडी करू नका. माहितगार माणूस पहिलं तेच बघतो.

बाजूचे खुंट म्हणजे ट्रनियन, वितळलेलं बीड ओतायच्या आमच्या लॅडललाही असतात. व्यास ४.२ इंच, बाहेर निघालेली लांबीही तेवढीच. दोन्ही खुंट एकाच आडव्या रेषेत असू द्या. आणि इथं लक्ष द्या. खुंट तोफेच्या बरोबर मध्यरेषेवर नसतात, सुमारे दोन इंच खाली असतात. धक्का भोकाच्या रेषेत मागे बसतो, खुंट त्याच्या खाली, त्यामुळे पाठ तिच्याखालच्या पाचरीवर दाबली जाते. शिवाय खुंट तोलाच्या जागेपेक्षा थोडे पुढे, म्हणजे तोफ आपोआप पाठीवर जड. या दोन इंचांनी तोफेचा सगळा तोरा बदलतो. मध्यावर खुंट बसवलेली तोफ खेळण्यातली दिसते, का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

बत्तीचं भोक पाठीवर, मागच्या कड्याच्या थोडं पुढे, दोन सुतांचं पुरे. उचलायला मासोळीच्या आकाराचे कान काशाच्या तोफांना असतात, बिडाच्या तोफेला नसतात. ते करू नका. खुणा कमी ठेवा. मुकुट आणि जी-आर ही जॉर्ज राजाची अक्षरं काढायची हौस असेल तर लक्षात ठेवा, पहिला जॉर्ज गादीवर आला १७१४ मध्ये. खांदेरीच्या देखाव्यात ती अक्षरं म्हणजे हसं. त्यापेक्षा बत्तीच्या भोकाजवळ तीन आकडे खोदा, २५-१-१४. इंग्रजी तोफांवर वजन असं लिहायचे. पहिला आकडा ११२ पौंडांचे हंड्रेडवेट, दुसरा २८ पौंडांचे पाव, तिसरा सुटे पौंड. गुणून बघा, २,८४२ पौंड होतात, म्हणजे १,२८९ किलो. सात फुटी नऊ पौंडीला शोभेल असं वजन आहे. एवढं वजन लाटांवर हेलकावणाऱ्या डेकवर, हे मनात धरा आणि मग पुढचा गाडा वाचा.

गाडा

जहाजावरच्या तोफेला चार लहान भरीव चाकं असतात. आऱ्या नाहीत, मागे लांब शेपटी नाही. कारणं तीन आणि तिन्ही डेकवरची. एक, डेकवर जागा नाही. दोन, जहाजाच्या भिंतीतल्या झरोक्यातून तोंड बाहेर काढायचं म्हणजे तोफ बुटकीच पाहिजे. तीन, आणि हे महत्त्वाचं, धक्क्याने तोफ मागे येणारच, पण ती जड यायला पाहिजे. लहान लाकडी चाकं लाकडी आसावर फिरताना इतकी घासतात की धक्क्याचा जोर तिथंच बराच जिरतो. बेअरिंग लावून गुळगुळीत केलेला गाडा हा चित्ररथावरसुद्धा धोकाच. चाकांना ग्रीस लावू नका.

बाजूच्या दोन फळ्यांची जाडी एक भोक, म्हणजे चार इंच. भरीव लाकूड घेऊ नका, १२ मिलिमीटर प्लायची पोकळ पेटी करा. लांबी ४८ इंच, पुढची उंची २० इंच. पुढच्या टोकापासून आठ इंचांवर खुंटाची अर्धगोल खाच, वरून लोखंडी पट्टी. तोफ बसवल्यावर मागे फक्त बोंड बाहेर राहायला पाहिजे. फळ्यांची मागची बाजू चार पायऱ्यांनी उतरते. त्या पायऱ्या कामाच्या आहेत, पहार त्यांच्यावर टेकवून पाठ उचलायची आणि पाचर आतबाहेर करायची. पाचर आत ढकलली की पाठ वर, तोंड खाली. निशाणा वरखाली करायचं सगळं यंत्र एवढंच. स्क्रू लावू नका.

आता एक बारकावा, जो जवळजवळ सगळेजण चुकवतात. दोन फळ्या समांतर नसतात. तोफ मागे जाड, म्हणून फळ्याही मागे फाकलेल्या. खुंटांपाशी आतलं अंतर साडेबारा इंच, मागे साडेपंधरा. समांतर फळ्या केल्या तर एकतर पाठ बसत नाही, नाहीतर पुढे फट दिसते.

चाकं चार इंच जाड, पुढची १६ इंच, मागची १४. पुढची मोठी, कारण डेक मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. मोठी चाकं झरोक्याच्या बाजूला आली की तोफ सपाटीवर येते. तुमची ट्रॉली सपाट आहे, तेव्हा तोंड किंचित वर गेलेलं दिसेल. दिसू दे.

दोन तोफा शेजारी ठेवायच्या तर चाकांसकट सहा फूट रुंदी लागते. ट्रॉली आधी मोजा. धक्क्यासाठी मागे तीन फूट मोकळे पाहिजेत.

रंगाबद्दल फार बोलत नाही. नळी काळी, मंद, चकाकी नको. गंज रंगवू नका. गंज आज किल्ल्यावर पडलेल्या तोफेला आहे, चालत्या जहाजावर तोफेची निगा होत असे. गाड्याला जवसाचं तेल पुसा, सागवानासारखा दिसतो.

दोर आणि माणसं

मनगटाएवढा काथ्याचा दोर आणा, तोफेच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे २१ फूट. मध्य बोंडाला गुंडाळा, दोन्ही टोकं पुढच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांना. हा दोर ताणला गेला की तोफ थांबते, आणि थांबते तेव्हा तोंड झरोक्याच्या आत आलेलं असतं, परत भरता येईल असं. गाडा पुढे ओढायला दोन्ही बाजूंना कप्प्या आणि बारीक दोर.

सजीव देखावा असेल तर पोरांना क्रम पाठ करायला लावा. नाहीतर एकजण गोळा घालतो आणि दुसरा त्याच वेळी बत्ती देतो, असं दृश्य दरवेळी बघायला मिळतं. आधी पिळाच्या टोकाचा गज आत फिरवून जळके तुकडे काढायचे. मग मेंढीचं कातडं गुंडाळलेला दांडा पाण्यात बुडवून आत घालायचा, ठिणगी राहिली तर ती विझावी म्हणून. मग दारूची कापडी पिशवी, बोळा, गोळा, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. ठासणाऱ्याने तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूने हात चालवायचा. मग सगळ्यांनी मिळून कप्प्यांवर गाडा पुढे ओढायचा. गोलंदाज बत्तीच्या भोकातून सुई घालून पिशवी फोडतो, शिंगातून रंजक, म्हणजे पेटवायची दारू, ओततो, दोन पावलं बाजूला होतो आणि लांब काठीला गुंडाळलेला जळता तोडा, म्हणजे धुमसती दोरी, टेकवतो. मागे कुणीही उभं राहायचं नाही. चकमकीचा चाप असलेल्या तोफा इंग्रजांकडेही पुढे आल्या, आपल्या देखाव्यात तोडाच बरोबर. काठीच्या टोकाला लाल एलईडी लावा, खरा विस्तव नको.

धूर पाइपातून सोडा. लग्नात वापरतात ते फॉगचं मशीन ट्रॉलीखाली ठेवा, त्याची नळी बोंडाजवळून आत घ्या, शेजारी छोटा ब्लोअर. मशीनचं तोंड पाइपापासून वीतभर लांब ठेवा, ते तापतं. धुरासोबतच ट्रॉलीखालून दोन पोरांनी गाडा दोराने तीन फूट मागे खेचायचा. आवाज स्पीकरवरून. एवढं जमलं तर रस्त्यावरचे लोक दचकून मागे सरतात, आणि एक चिमूटही दारू लागत नाही. पाइपात सुतळी बॉम्ब घालायची कल्पना प्रत्येक मंडळात एकाला तरी सुचते. पीव्हीसी फुटलं की धारदार तुकडे उडतात, आणि पुढच्या रांगेत लहान पोरंच बसलेली असतात. त्या एकाला आधीच शोधून झेंडा धरायला द्या.

मिरवणूक सरकत असताना पाचर काढून ठेवा आणि चारही चाकांना ठोकळे मारा, ट्रॅक्टरने ब्रेक मारला की गाडा पुढे जातो. तोफेच्या तोंडाला लाकडी बूच करून बसवा, जहाजावरही पाण्यापासून राखायला तसंच बसवत. वळीव आला तरी फॉगची नळी कोरडी राहते. बूच बारीक दोरीने खुंटाला बांधून ठेवा, आणि धूर सोडायच्या आधी ते काढायचं काम एकाच पोराला नेमून द्या.